मृत्युपत्रात मागे राहणारीचा विचार आधी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मृत्युपत्रावर सविस्तर लेख आला, सोबत नमुनाही छापला, हे फार बरं झालं. गावाकडे अजूनही मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हातारी माणसं 'मला घालवायची घाई झाली का' म्हणून तोंड फिरवतात. लेखात साक्षीदार कोण असावेत, नोंदणी कुठे करावी, मुलांत वाटणी कशी लिहावी, हे सगळं नीट आलं आहे. नमुन्यात पत्नीबद्दल मात्र एकच ओळ आहे: 'माझ्या पत्नीचा सांभाळ दोन्ही मुलांनी करावा.' त्या एका ओळीसाठी हे पत्र लिहितो आहे.

सातारा जिल्ह्यात मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मयताची वारस नोंद हे आमचं बारमाही काम. 'सांभाळ करावा' या शब्दांवर बाईच्या हातात काहीच येत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे. त्या ओळीवर फेरफार होत नाही, म्हणजे जमिनीच्या दप्तरात तिचं नाव लागत नाही, घराचा उतारा निघत नाही, बँक पैसे देत नाही. सांभाळला तर मुलाचा मोठेपणा, नाही सांभाळला तर आईने कुणाच्या दारात जायचं?

आपल्याकडे बहुतेक घरांत एक पक्की समजूत आहे की नवऱ्यामागे सगळं बायकोचंच, आणि तिच्यामागे मुलांचं. कायदा तसं म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई हयात असेल तर ती, असे सगळे पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी, सारख्या हिश्शाने येतात. दोन मुलगे, एक मुलगी, बायको आणि म्हातारी आई असेल तर पाच हिस्से. ज्या घरात तिने चाळीस वर्षं चूल पेटवली, त्या घरात तिचा पाचवा हिस्सा. वडिलोपार्जित मिळकत असेल तर हिशेब आणखी वेगळा पडतो, पण तिथेही सगळं घर तिचं होत नाही.

एका गावातली नोंद माझ्या चांगली लक्षात आहे. तेरावा होऊन आठवडाही झाला नव्हता. मोठा मुलगा अर्ज घेऊन आला, मागून आई. खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी तिच्या हातात, त्यात रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, नवऱ्याचा एक पासपोर्ट फोटो. वारसांच्या यादीत आधी मुलगे, मग लग्न झालेल्या मुली, आणि सगळ्यांत खाली 'विधवा पत्नी'. तिने शिकलेल्या नातवाकडून ती यादी वाचून घेतली आणि मला विचारलं, "भाऊ, घरात मी आधी आले, मग माझं नाव शेवटाला का?" क्रम मागेपुढे असला तरी हक्क सारखाच असतो, असं मी सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण मुलाच्या पिशवीत दुसरा कागद तयार होता: बहिणींची आणि आईची हक्कसोड, साध्या कागदावर. बहिणी सुतकाला आल्याच आहेत, एकदाच सह्या होऊन जातील, पुन्हा हेलपाटा नको, असं त्याचं म्हणणं.

साध्या कागदावरच्या किंवा चावडीतल्या जबाबावरच्या हक्कसोडीने स्थावरातला हक्क जात नाही. त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला दस्त लागतो. म्हणून त्या दिवशी मी सगळ्या वारसांची नावं लावली. नोटीस निघाली, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहिली, नोंद मंजूर केली. पुढे दिवाळीला बहिणी माहेरी आल्या, तेव्हा सगळ्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं आणि रीतसर नोंदणीकृत हक्कसोड करून घेतली. आईचीही. कायद्याने त्यात बोट ठेवायला जागा उरली नाही. नंतर दोन भावांनी घरात मधून भिंत घातली आणि आईची महिन्याची पाळी लावली. एक तारखेला ती आपली पत्र्याची ट्रंक घेऊन या दारातून त्या दारात जायची. महिना एकतीस दिवसांचा आला की कुरकुर व्हायची.

तिचा नवरा वाईट माणूस नव्हता. बायकोवर जीव होता त्याचा, आणि पोरं तिला बघतील याची खात्री होती. ती खात्री कागदावर उतरवायला त्याला एक दुपार पुरली असती. अशी घरं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असती तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

तेव्हा मृत्युपत्र करणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना माझं कळकळीचं सांगणं आहे, की मुलांची वाटणी नंतर लिहा, पहिलं कलम बायकोचं लिहा. ती कुठे राहील, कोणत्या उत्पन्नावर जगेल आणि आजारपणाचा पैसा कुठून येईल, या तीन गोष्टी नावानिशी लिहा. जुन्या वाटणीपत्रांत आपल्या आज्या-पणज्यांसाठी चोळी-बांगडीची, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या खर्चापाण्याची, जमीन वेगळी काढलेली असायची. कोणता तुकडा, कोणत्या विहिरीचं पाणी, हेही त्यात असायचं. मोडीतल्या त्या कागदांत जी काळजी होती ती आजच्या छापील नमुन्यांत राहिलेली नाही, याचं मला वाईट वाटतं. घर कुणाचं, त्यातल्या खोल्या कुठल्या, न्हाणीघर आणि पाणी कुणाचं, बागायत तुकड्याचं उत्पन्न कुणाच्या खात्यात जमा होणार, वर्षाची ज्वारी-गहू कोण घालणार, हे लिहायला लाजायचं काही कारण नाही.

यात एक बारीक गोष्ट आहे. पुष्कळ जण 'पत्नीने हयातीपर्यंत उपभोग घ्यावा, नंतर मुलांनी घ्यावे' असं लिहितात. हेतू चांगला असतो. पण हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ मुळे असा मर्यादित हक्क केव्हा मर्यादित राहतो आणि केव्हा पूर्ण मालकीचा होतो, यावर भांडणं थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आहेत. म्हणून हे कलम ऐकीव माहितीवर लिहू नका, दिवाणी काम करणाऱ्या वकिलाकडूनच लिहून घ्या. माझं स्वतःचं मत विचाराल तर राहतं घर बायकोच्या पूर्ण मालकीचं करावं. ती तिच्या मागे कुणाला द्यायचं ते बघेल. जिच्या नावावर घर असतं, तिच्याशी घरातली माणसं बोलतात कशी, हे मी पाहिलेलं आहे.

बाकी मृत्युपत्राचं काम लोक समजतात तितकं अवघड नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवावी. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार एवढं कायद्याला पुरतं. त्या साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा ही सही माझी आहे असं तुमच्या तोंडून ऐकलेलं असावं. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या, नाहीतर कोर्टात साक्ष द्यायची वेळ येईल तेव्हा तेही नसतात. ज्याला मिळकत मिळणार त्यालाच साक्षीला बसवू नका. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा. 'माझी सर्व मिळकत' असं मोघम न लिहिता गट नंबर, हेक्टर-आर, घराचा ग्रामपंचायत मिळकत नंबर, सिटी सर्व्हे असेल तर तो नंबर, सगळं उताऱ्यावरून उतरवून घ्या. मन बदललं तर नवं करता येतं आणि शेवटचं मृत्युपत्र धरलं जातं, म्हणून तारीख ठळक लिहा.

मृत्युपत्र करून मुलींना बाजूला ठेवू पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की वडिलोपार्जित जमिनीत माणूस फक्त आपल्या हिश्शापुरतं मृत्युपत्र करू शकतो. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून मुलाइतकीच हिस्सेदार झाली, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क राहतो, असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. चावडीवर अजूनही 'लग्नात दिलंय की तिला' हे ऐकू येतं. कायदा ते ऐकत नाही.

आता बायकांना सांगायचं ते. मृत्युपत्र नवऱ्यानेच करायचं असतं, हा समज सोडून द्या. हिंदू स्त्री मृत्युपत्राशिवाय गेली तर तिची मिळकत आधी मुलं आणि नवरा यांना जाते. मूलबाळ नसेल आणि नवरा आधीच गेलेला असेल, तर ती नवऱ्याच्या वारसांकडे जाते. अगदी तिने स्वतः शिक्षिकेची किंवा नर्सची नोकरी करून घेतलेला फ्लॅटसुद्धा. आईवडिलांकडून वारशाने आलेलं असेल तेवढं माहेरी परत जातं. म्हणजे जिने शेवटच्या आजारपणात उशापायथ्याला बसून केलं, ती भाची किंवा बहीण रिकाम्या हाताने राहते आणि ज्याचं तोंडही कधी पाहिलं नाही असा चुलत पुतण्या वारस म्हणून पुढे येतो. मूल नसलेल्या प्रत्येक बाईने, नवरा हयात असतानाच, आपलं वेगळं मृत्युपत्र करावं. नवरा-बायकोने मिळून एकच कागद करू नये, दोघांचे दोन असावेत.

माझी मेहुणी फोंड्याला दिली आहे. तिच्याकडे गेलो की हा विषय निघतोच. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत लग्नापासूनच नवरा-बायकोची अर्धी-अर्धी धरतात. विकायला काढली तर बायकोची सही लागते. नवरा गेल्यावर तिचा अर्धा तिच्याकडेच राहतो, वाटप होतं ते उरलेल्या अर्ध्याचं. आपल्याकडे तो कायदा नाही. पण आपल्या हातात काहीच नाही असंही नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपल्या हाताने बायकांच्या नावे जमीन करून दिली. मागून शासनानेही लक्ष्मीमुक्ती योजना आणली. नवऱ्याने स्वतः अर्ज केला तर हयातीतच सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागतं. आजही अर्ज देता येतो. माझ्या काळात असे अर्ज फार थोडे यायचे. ज्यांनी केले त्यांच्या घरी नंतर वारस नोंदीला गेलो तेव्हा बाई बाजूला पदर सावरून उभी नसायची, समोर येऊन बसायची.

उलट बक्षीसपत्रांची मात्र आता रीघ लागली आहे. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. खर्च वाचतो म्हणून लोक हयातीतच सगळं देऊन मोकळे होतात. मी याच्या विरोधात आहे. मृत्युपत्र उद्या फिरवता येतं, बक्षीसपत्र नोंदवलं की मालकी गेली. द्यायचंच असेल तर 'आम्हा दोघांचा आमरण सांभाळ करण्याच्या अटीवर' असं दस्तातच लिहा, आणि दोघांचा असंच लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अशी अट असताना मुलाने सांभाळ केला नाही तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात दाद मागून दस्त रद्द करून घेता येतो. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र असंच रद्द ठरवलं. पण सत्तरीतल्या माणसाला काठी टेकत प्रांत कचेरीच्या पायऱ्या चढायला लागाव्यात का? घर आपल्या नावावर ठेवा, मृत्युपत्रात द्या.

बँकेचं थोडक्यात सांगतो. खातं दोघांच्या नावे, दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील त्याने चालवावं, अशा पद्धतीचं करून घ्या, म्हणजे दहाव्याच्या खर्चासाठी तिला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. पण बँक असो, शेअर्स असोत की गृहनिर्माण संस्थेतला फ्लॅट, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे किंवा ताबा घेणारा विश्वस्त, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. शेअर्सच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. तेव्हा बायकोला नॉमिनी केलं, आता मृत्युपत्र कशाला, हे चुकीचं आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्र दोन्हीकडे एकच नाव ठेवा. जुन्या विसरलेल्या ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं उद्गम पोर्टल आहे, नातवाला सांगा, तो बघून देईल.

विस्मरणाचं दुखणं अलीकडे घराघरात दिसतं. मृत्युपत्राला मन थाऱ्यावर असावं लागतं. नावं विसरायला लागली, दिशा कळेना झाली, की त्यानंतरच्या कागदावर कोर्टात बोट ठेवलं जातं. मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलं आहे, तो बघेल, असंही म्हणतात. देणारा गेला की कुलमुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. त्यानंतर त्यावर केलेला व्यवहार ही नव्या भांडणाची सुरुवात असते. साठी झाली, हातपाय आणि डोकं चालतंय, हीच वेळ.

शेवटच्या आजारात आपल्याला बोलता आलं नाही तर कोणते उपचार करावेत, कोणते थांबवावेत, याचाही एक कागद (लिव्हिंग विल) करता येतो. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचा असा दस्त केला. आपल्या वतीने कोणी बोलायचं, त्यात बायकोचं नाव घाला. नाहीतर अतिदक्षता विभागाबाहेर दीर-पुतणे ठरवतात आणि जन्माची सोबतीण बाकड्यावर बसून राहते. दवाखान्याचं बिल भागवायला जो तुकडा विकतात, तो पुष्कळदा तिच्याच पोटाचा असतो.

शेवटी महसूल खात्याकडे एक मागणी. २०२५ मध्ये शासनाने जिवंत सातबारा मोहीम काढली, वर्षानुवर्षं मयतांच्या नावे राहिलेले उतारे वारसांच्या नावे केले. काम चांगलं झालं, मीही आमच्या गावात लोकांना अर्ज भरून दिले. पण नावं लागली की लगेच हक्कसोडीची घाई सुरू होते. नोंद मंजूर करण्याआधी मंडळ अधिकाऱ्याने विधवेला मुलांच्या आणि दिरांच्या माघारी, तिच्या घरी जाऊन किंवा चावडीत एकटीला बसवून, तिचा हिस्सा किती हे वाचून दाखवावं आणि तसं झाल्याची तिची सही किंवा अंगठा नोंदीत घ्यावा. दुय्यम निबंधकांनीही आईची हक्कसोड नोंदवताना हेच करावं. यासाठी कायदा बदलायला नको, एक परिपत्रक पुरेल. जिल्हाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर आमच्या जिल्ह्यापासून सुरुवात होऊ शकते, आणि गावोगाव फिरून बायकांना हे समजावून सांगायला आम्ही काही निवृत्त तलाठी-मंडळ अधिकारी विनामोबदला तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)